शेकडा तीन म्हणजे किती? एकाच घरातल्या तीन पिढ्यांचे तीन हिशोब

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, पलूस, तासगाव या भागात कुणी "दोन टक्क्यानं पैसे उचललेत" म्हणालं, तर साठीच्या पुढच्या माणसाला ते महिन्याचे दोन टक्के आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही. शंभराला महिना दोन रुपये, म्हणजे वर्षाला चोवीस. त्याच घरातला मुलगा बँकेतून येऊन "साडेनऊ टक्क्यानं मिळालं" म्हणतो, तेव्हा ते वर्षाचे असतात. नातू म्हणतो, "हप्ता बाराशेचाच आहे." त्यात टक्का कुठंच नसतो. तिघं एकाच सोप्यात बसून कर्जावर वाद घालतात आणि तिघांची मापं वेगळी असतात.

पोरं उधळी झाली, म्हातारी माणसं चिकट आहेत, मधली पिढी भित्री आहे, असं आपण सहज बोलतो. त्यातला बराच वाद स्वभावाचा नसून मापाचा असतो. उरलेला वाद पैसा घरात कोणत्या तारखेला येतो, याचा असतो. ज्याच्याकडे वर्षातून दोनदा पैसा येतो, ज्याचा पगार एक तारखेला जमा होतो आणि ज्याच्या खात्यात रोज थोडं थोडं पडतं, त्या तिघांना एकसारख्या सवयी लागणं शक्यच नाही.

वर्षातून दोनदा येणारा पैसा

आडसाली ऊस पावसाळ्यात लावला की तोडीला यायला दीड वर्षाच्या आसपास जातं. सुरू उसालाही वर्ष लागतं. हळद मे-जूनमध्ये लावायची आणि आठ-नऊ महिन्यांनी काढायची. मग ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा कुठं सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला लागते. तासगाव भागात ऑक्टोबर छाटणीची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात आणि त्यांचा बेदाणा त्यानंतर विकला जातो. कायद्यानं उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, तोडीनंतर १४ दिवसांत द्यायची असते. तरी बोलीभाषेत पहिली उचल, दिवाळीचा हप्ता आणि शेवटचं बिल असेच शब्द टिकून आहेत, कारण पैसा हप्त्याहप्त्यानं येण्याचीच सवय आहे.

अशा घरात महिन्याचं बजेट नावाचा प्रकार नसतो. किराणा वहीवर चालतो आणि बिल आलं की वही कोरी होते. वर्षभराचा पैसा एका दिवशी हातात आला तर तो रोकड ठेवायचा नाही, हे जुन्या माणसाला पक्कं माहीत असतं. रोकड दिसली की पाहुणे उसने मागतात आणि नाही म्हणता येत नाही. म्हणून पैसा लगेच मोडता येणार नाही अशा वस्तूत जायचा: म्हैस, दागिना, विहिरीचं खोदकाम, किंवा माल न विकता तसाच ठेवणं. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखालची पेवं होती, तिथं हळद भाव येईपर्यंत ठेवली जायची. २००५ च्या महापुरात ती पेवं मोठ्या प्रमाणावर निकामी झाली. पण पेवातली हळद ही त्या पिढीची मुदत ठेवच होती, फक्त तिचं व्याज बाजारभाव ठरवायचा.

आज तेच काम गोदामाच्या किंवा कोल्ड स्टोरेजच्या पावतीवर होतं. बाजार समित्यांच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजानं मिळतं. ठरवताना एवढंच बघायचं, की सहा महिन्यांत भाव किमान चार-पाच टक्क्यांनी चढेल अशी खात्रीशीर शक्यता आहे का. व्याजाचे तीन टक्के जातात आणि भाडं, हमाली, सुकण्यातली घट धरली की बाकीचे निघतात. नुसत्या "भाव येईल"वर माल अडवला, तर पेवाच्या काळात जे नुकसान व्हायचं तेच आताही होतं.

आता सोसायटी. विकास सोसायटीचं पीककर्ज उसाच्या बिलातून परस्पर कापलं जायचं. आजोबांच्या हातात पैसा येण्याआधीच हप्ता गेलेला असायचा, त्यामुळं "मी कधी हप्ता चुकवला नाही" हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्यात शिस्तीपेक्षा कपातीचा वाटा मोठा. नातवाच्या खात्याचं ऑटो डेबिटही हेच काम करतं. फरक इतकाच, की सोसायटी माल आल्यावर कापायची आणि ऑटो डेबिट तारीख आली की कापतं, खात्यात पैसे असोत वा नसोत. नसले तर बँकेचा दंड, कर्ज देणाऱ्या कंपनीचा दंड आणि सिबिलवर डाग, असे तीन फटके एकदम बसतात. उपाय साधा आहे. पगाराच्या तारखेनंतर तीन दिवसांनी हप्त्याची तारीख ठेवून घ्यायची. कर्ज घेताना मागितली तर बहुतेक ठिकाणी ती बदलून मिळते, नंतर मागितली तर खेटे घालावे लागतात.

कर्ज "नवं-जुनं" करण्याची चाल तरुणांना वेडेपणाची वाटते. मुदत संपायच्या आत कुणाकडून तरी आठ दिवसांसाठी दोन लाख घ्यायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज उचलायचं आणि त्याचे परत करायचे. आठ दिवस वापरले तरी पूर्ण महिन्याचं व्याज द्यावं लागतं, म्हणजे शेकडा दोननं चार हजार. ही उधळपट्टी आहे का? महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज सवलतीमुळं शून्य टक्क्यानं पडतं. मुदत चुकली की सवलत जाते आणि सहा-सात टक्क्यांचं व्याज अंगावर येतं. दोन लाखांवर वर्षाचे बारा-चौदा हजार होतात. चार हजार देऊन बारा हजार वाचवणं हे गणित चुकीचं नाही. चूक वेगळीच आहे: असं दहा वर्षं केलं तर मुद्दल एक रुपयानं कमी होत नाही, आणि पीककर्जाचे पैसे पिकात न जाता जुन्या कर्जात फिरत राहतात.

आजीचा तोळा

आजी "दहा तोळे घातले होते" म्हणते आणि नात "शंभर ग्रॅम" ऐकते. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफी बोलण्यात तोळा म्हणजे १० ग्रॅम. त्यामुळं जुन्या दहा तोळ्यांचे साधारण ११६ ग्रॅम व्हायला हवेत. वाटणीच्या वेळी हा १६ ग्रॅमचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. वजनाचा काटा आणि जुनी चिठ्ठी दोन्ही समोर ठेवूनच बोलावं.

सोन्यावरच्या विश्वासाला या जिल्ह्यात एक वेगळी बाजू आहे. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं हेच त्यांचं काम. अशा घरात दागिना बघितला की पहिला प्रश्न नक्षीचा नसतो, टंच म्हणजे शुद्धता किती आहे याचा असतो. तो प्रश्न सगळ्यांनीच विचारायला हवा.

सोपे आकडे घेऊ. २२ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला एक लाख धरा. मजुरी १२ टक्के म्हणजे १२,००० रुपये. एकूण १,१२,००० वर ३ टक्के जीएसटी, ३,३६० रुपये. बिल झालं १,१५,३६०. दुसऱ्याच दिवशी तो दागिना मोडायला नेला तर मजुरी आणि कर गेले, शिवाय घट धरली जाते. दोन टक्के घट धरली तर हातात ९८,००० येतात. म्हणजे सतरा हजारांहून जास्त फरक. सोन्याचा भाव सतरा-अठरा टक्क्यांनी चढेपर्यंत हा दागिना गुंतवणूक म्हणून तोट्यातच आहे. घालायला घेतला असेल तर प्रश्न नाही, पण "पैसे टाकलेत" म्हणून घेतला असेल तर नाणं किंवा वळं बरं, त्यावर मजुरी फारच कमी लागते.

आणखी एक गोष्ट आजी सांगत नाही, कारण तिला ती जाणवलीच नाही. सोनं दरवर्षी चढत नाही. १९९० साली १० ग्रॅमचा भाव ३,२०० च्या आसपास होता आणि २००० साली ४,४०० च्या आसपास. दहा वर्षांत वर्षाला जेमतेम सव्वातीन टक्के पडले, आणि त्याच काळात बँका दहा टक्क्यांहून जास्त व्याज देत होत्या. २०१२ आणि २०१८ या दोन्ही वर्षी भाव ३१ हजारांच्या आसपासच होता. नंतर तो असा उसळला की मधली सहा वर्षं सगळे विसरले. आजीनं दागिना कधी मोडलाच नाही, म्हणून तिला फक्त चढण दिसते.

नवं सोनं घेताना बिलावर वजन, कॅरेट, मजुरी आणि एचयूआयडी वेगवेगळे लिहून घ्यावेत. एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक दागिन्यावरही कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना त्याशिवाय विकता येत नाही. बीआयएस केअर या ॲपवर तो टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. ॲपवर "अंगठी" दिसतेय आणि हातात साखळी आहे, तर दुकानातून बाहेर पडायच्या आत विचारायचं. जुन्या दागिन्याला हा क्रमांक नसतो, म्हणून तो खोटा ठरत नाही. फक्त मोडताना टंच काढल्यावरच भाव ठरू द्यायचा, आणि तो टंच आपल्यासमोर काढायला लावायचा.

साडेपाच वर्षांत दुप्पट

मधल्या पिढीला म्हणजे साधारण १९५५ ते १९७५ मध्ये जन्मलेल्यांना पगार मिळाला. कुणी कारखान्यात, कुणी एसटीत, कुणी शाळेत, कुणी फौजेत. साताऱ्याच्या पाटण-जावळीतून मुंबईला माथाडी कामाला गेलेल्यांची मनीऑर्डर घरी यायची. त्यावर पोस्ट दर २० रुपयांना १ रुपया घ्यायचं, म्हणजे शंभरातले पाच रुपये वाटेतच जायचे. आज यूपीआयवर तेच पैसे फुकट येतात. बहुतेक त्यामुळंच ते दर महिन्याला एकदा न येता "पाचशे टाक, हजार टाक" असे येतात, आणि घरात महिन्याला एकूण किती आले हे कुणालाच सांगता येत नाही.

१९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यानंतर तालुक्याच्या गावांत, मग मोठ्या खेड्यांत बँकेच्या शाखा दिसू लागल्या. १९८८ साली किसान विकास पत्र आलं, साडेपाच वर्षांत दुप्पट. पीपीएफवर १९८६ पासून २००० च्या सुरुवातीपर्यंत १२ टक्के व्याज मिळत होतं. दुप्पट होण्याचं गणित डोक्यात करायचं असेल तर ७२ ला व्याजदरानं भागा. १२ टक्के असेल तर सहा वर्षं, ७.५ टक्के असेल तर साडेनऊ वर्षं. आज किसान विकास पत्र ७.५ टक्के देतं आणि दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात. पीपीएफ ७.१ टक्क्यांवर आहे.

म्हणजे वडील "पोस्टात टाक आणि शांत झोप" म्हणतात तो सल्ला त्यांच्या काळासाठी उत्तम होता. अर्थात तेव्हा महागाईही नऊ-दहा टक्क्यांच्या घरात असायची, त्यामुळं खरी वाढ दोन-तीन टक्केच होती. ती आज सात टक्के व्याज आणि पाच टक्के महागाई धरली तरी तेवढीच निघते. फरक डोळ्यांना दिसण्यातला आहे. साडेपाच वर्षांत दुप्पट झालेला कागद हातात धरलेल्या माणसाला नऊ वर्षं सात महिने हा विश्वासघात वाटतो. आणि मग कुणीतरी "महिन्याला पाच टक्के" सांगत दारात येतो. तो बहुधा मधल्या पिढीच्याच दारात येतो, कारण निवृत्तीचा एकरकमी पैसा त्यांच्याकडेच असतो.

महिन्याला पाच टक्के म्हणजे चक्रवाढीनं वर्षाला जवळजवळ ८० टक्के. कुठलाही सरळ धंदा एवढं कमावत नाही. पहिले सहा महिने पैसे वेळेवर येतात, कारण ते तुमच्या शेजाऱ्यानं भरलेले असतात. अशा योजनांविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे आणि २०१९ चा केंद्राचा कायदाही आहे. पण कायद्यानं मालमत्ता जप्त होऊन लिलाव होईपर्यंत नातवाचं शिक्षण संपलेलं असतं. उशिरा मिळणाऱ्या न्यायापेक्षा ७२ चा भागाकार स्वस्त पडतो.

या पिढीची दुसरी सवय म्हणजे पतसंस्था. बँकेपेक्षा दीड-दोन टक्के व्याज जास्त, संचालक ओळखीचे, पिग्मी म्हणजे रोजची बचत गोळा करायला एजंट दुकानात येणार. यात बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. बँक बुडाली तर डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाच्या विम्यातून एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत मिळतात. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी ती एक लाख होती. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाही. नावात "सहकारी" दोन्हीकडे असल्यामुळं गल्लत होते. पावतीवर "बँक" हा शब्द आहे की "पतसंस्था" किंवा "क्रेडिट सोसायटी", एवढं वाचलं तरी पुरे.

पतसंस्थेत पैसे ठेवूच नयेत असं नाही. पण किती ठेवायचे याचा अंदाज असा बांधावा: ती रक्कम दोन वर्षं अडकली तर घरातलं कुठलं काम थांबेल? लग्न, ऑपरेशन, प्रवेश यातलं काही थांबणार असेल तर तो पैसा तिथं नको. वार्षिक अहवाल सभासदाला मिळतो, त्यात एनपीए म्हणजे थकलेली कर्जं आणि लेखापरीक्षणाचा वर्ग बघायचा. सलग दोन वर्षं सभाच झाली नसेल तर अहवाल वाचायची गरज उरत नाही.

साठ पूर्ण झालेल्यांसाठी पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आज ८.२ टक्के देते. कमाल ३० लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी. व्याजदर सरकार दर तिमाहीला नव्यानं ठरवतं, पण तुम्ही ज्या दिवशी पैसे भरले त्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो. इतकं व्याज सरकारी हमीवर मिळत असताना पतसंस्थेचा अर्धा-एक टक्का जास्त मिळवायला जीव टांगणीला लावण्याचं कारण कळत नाही.

शिक्षकांच्या आणि सरकारी नोकरांच्या घरात आणखी एक भेद आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांना पगारातून कापून जाणारी योजना. एकाच शाळेत, एकाच स्टाफरूममध्ये बसणाऱ्या दोन शिक्षकांच्या सवयी यामुळं वेगळ्या असतात, आणि असायलाच हव्यात. ज्याला महागाई भत्त्यासह पेन्शन आहे त्यानं सगळं मुदत ठेवीत ठेवलं तर चालतं. ज्याला नाही त्यानं त्याचं बघून तसंच केलं तर म्हातारपणी कमी पडतं.

भिशी, जी तिन्ही पिढ्यांत टिकली

आजी घरातल्या घरात भिशी लावायची, आई बचत गटात आहे, सून ऑफिसच्या ग्रुपवर भिशीत आहे. चिठ्ठीची भिशी सरळ असते, सगळ्यांना सारखीच रक्कम, फक्त नंबर वेगळा. लिलावाची भिशी मात्र कर्ज आणि ठेव एकाच ताटात वाढते, म्हणून ती उकलून बघायला हवी.

वीस जण, महिना पाच हजार, एकूण एक लाख. पहिल्या महिन्यात गरजवंतानं ८० हजारांवर उचलली. सुटलेले २० हजार वीस जणांत वाटले गेले, म्हणजे त्या महिन्यात प्रत्येकाला पाच हजारांऐवजी चारच भरावे लागले. पुढच्या महिन्यांत सूट हळूहळू कमी होत शेवटच्या महिन्यात शून्यावर आली असं धरू. पहिल्यानं उचलणाऱ्याच्या हातात स्वतःचा हप्ता वजा जाता ७६ हजार पडले आणि पुढच्या एकोणीस महिन्यांत त्यानं सुमारे ८६ हजार भरले. वर्षाचं व्याज १५-१६ टक्के पडलं. शेवटी उचलणाऱ्यानं एकूण ९० हजार भरून एक लाख घेतले, त्याला वर्षाला १४ टक्क्यांच्या आसपास सुटले.

सावकाराच्या शेकडा तीनपेक्षा हे उचलणाऱ्याला स्वस्त आणि ठेवणाऱ्याला बँकेपेक्षा गोड, म्हणून भिशी मरत नाही. बिघडते ती एकाच ठिकाणी. आधी उचललेला माणूस मध्येच हप्ते थांबवतो, आणि तोटा शेवटी उचलणाऱ्यांच्या वाट्याला येतो. म्हणून १४ टक्के मिळणाऱ्यानं ते व्याज नसून जोखमीचा मोबदला आहे हे ओळखावं. बायकांच्या भिश्या कमी बुडतात असं म्हणतात. त्यामागचं कारण बहुधा एवढंच की त्या लहान रकमेच्या असतात आणि चुकवणारीला रोज नळावर भेटावं लागतं. नोंदणी नसलेल्या चिट फंडाला १९८२ च्या कायद्यानं मनाई आहे, त्यामुळं मोठ्या रकमेच्या भिशीत पैसे अडकले तर दाद मागायला जागा राहत नाही. आजीच्या भिशीचा नियम अजून चालतो: जिच्या घरी आपण चहाला जात नाही, तिच्याबरोबर भिशी लावायची नाही.

हप्ता बाराशेचाच आहे

नातवाच्या पिढीचा गुन्हा हा नव्हे की ती कर्ज घेते. आजोबांनीही घेतलं होतं. हप्ता सांगताना दर लपवला जातो, हा खरा अडथळा आहे.

गाडीच्या किंवा वस्तूच्या कर्जात "फ्लॅट दहा टक्के" असं सांगतात. एक लाख, तीन वर्षं, फ्लॅट दहा. व्याज तीस हजार, हप्ता ३,६११ रुपये. ऐकायला दहा टक्के. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र पहिल्या दिवशीच्या पूर्ण लाखावर लावलंय. घटत्या मुदलावर मोजलं तर तो दर जवळपास १८ टक्के होतो. ढोबळ नियम म्हणून फ्लॅट दराची पावणेदोन ते दोनपट धरावी. कर्ज देणाऱ्यानं वार्षिक एकूण खर्चाचा दर, म्हणजे एपीआर, कागदावर दाखवणं आता बंधनकारक आहे. सही करायच्या आधी एपीआर हा आकडा शोधायचा, बाकीचं पान नंतर.

"नो कॉस्ट ईएमआय"मध्ये व्याज गायब झालेलं नसतं. रोखीनं घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, बऱ्याचदा प्रोसेसिंग फी लागते आणि कार्डवरच्या व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटीही लागतो. रोखीचा भाव विचारून दोन आकडे शेजारी लिहिले की ते उघड होतं.

आता क्रेडिट कार्ड, कारण इथं आजोबा आणि नातू समोरासमोर येतात. पूर्ण बिल मुदतीत भरलं तर कार्ड फुकट आहे. नाही भरलं तर बहुतेक कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. वर्षाचे बेचाळीस. ज्या शेकडा तीनच्या सावकारीला आजोबांनी आयुष्यभर शिव्या घातल्या, त्याहून हा दर जास्त. फक्त दारात कुणी येऊन बसत नाही, एसएमएस येतो.

५० हजार थकबाकी आहे आणि "किमान देय" पाच टक्के म्हणजे अडीच हजार भरले असं धरा. महिन्याचं व्याज १,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. अडीच हजारांतले २,०६५ तिथंच गेले. मुदलातून फिटले ४३५. शिवाय थकबाकी असेपर्यंत नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू. या अवस्थेतला शहाणा उपाय आजीच्या कपाटात असतो. बँकेचं सोनेतारण कर्ज साधारण नऊ ते अकरा टक्क्यांत मिळतं. ५० हजारांवर वर्षाला पाच-साडेपाच हजार व्याज, कार्डावर एकवीस हजार अधिक कर. आजीला सांगायची लाज वाटते म्हणून पोरं कर सोडूनही पंधरा-सोळा हजार जास्त भरतात. हे करताना कार्डची मर्यादा कमी करून घ्यायची, नाहीतर सहा महिन्यांत सोनंही गहाण आणि कार्डही भरलेलं अशी गत होते. खाजगी फायनान्स कंपनीत दर चोवीसपर्यंतही जातो, तिथं हा उपाय निम्मा वाया जातो.

बचतीत मात्र नातू आजोबांच्या पुढं आहे. दर महिन्याला म्युच्युअल फंडातली पाच हजारांची एसआयपी परस्पर कापली जाणं ही सोसायटीच्या कपातीचीच उलटी बाजू आहे. वीस वर्षं, वर्षाला १२ टक्के धरले तर १२ लाख भरून सुमारे ५० लाख दिसतात. इथं आजोबांचा प्रश्न विचारायला हवा: आजच्या भावानं किती? महागाई सहा टक्के धरली तर साडेपंधरा लाख. वाईट नाही, पण अर्धा कोटीही नाही. आणि १२ टक्के ही हमी नाही, अंदाज आहे. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा, बहिणीच्या लग्नाचा किंवा घराच्या स्लॅबचा, तिथं नको. त्याला वडिलांची मुदत ठेवच बरी.

एसआयपी आणि ऑप्शन ट्रेडिंग एकाच ॲपवर दोन बोटांच्या अंतरावर असतात, म्हणून घरच्यांना दोन्ही "शेअर मार्केट"च वाटतात. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. वडिलांनी "मार्केट नको" म्हणण्याऐवजी "ऑप्शन नको" म्हटलं तर पोरगं ऐकण्याची शक्यता जास्त.

कागद कुणाकडे

पिढ्यांच्या सवयींतला सर्वांत महागडा फरक माणूस गेल्यावर कळतो. आजोबांच्या ठेवी ट्रंकेत, वडिलांच्या फायलीत आणि नातवाच्या मोबाइलमध्ये. तिघांपैकी कुणालाही दुसऱ्याचं उघडता येत नाही.

ट्रंकेत जुनं पासबुक सापडलं आणि बँकच आता दिसत नाही, तर ते टाकू नये. १९३६ साली साताऱ्यात सुरू झालेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. १९१६ पासूनची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. पैसे आता त्या त्या नव्या बँकेकडून मागता येतात. दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसाचा हक्क जात नाही. उद्गम या पोर्टलवर नाव, जन्मतारीख किंवा पॅन टाकून अनेक बँकांत एकदम शोध घेता येतो. तिथं नाव दिसलं की त्या बँकेच्या शाखेत केवायसी आणि वारसाचे कागद घेऊन जावं लागतं. नाव शोधताना आजोबांच्या नावाची तीनही रूपं टाकून बघावीत, कारण पासबुकावर "आण्णा", सातबाऱ्यावर "आनंदा" आणि आधारवर तिसरंच काही असणं इकडं नेहमीचं आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक नॉमिनीला पैसे देते, पण ते वारसांच्या वतीनं. हक्क वारसा कायद्यानं किंवा मृत्युपत्रानं ठरतो. "धाकट्याचं नाव लावलंय, म्हणजे त्याचंच" ही समजूत भावाभावांत कोर्ट दाखवते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो. ठेव दोघांच्या नावावर असेल तर "दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो" हा पर्याय पावतीवर आहे का ते बघावं. "दोघांच्या सहीनं" असं असेल, तर एक जण गेल्यावर दुसऱ्यालाही कागदांसाठी थांबावं लागतं.

मोबाइलचं काय करायचं? पासवर्ड वहीत लिहू नका, पण खाती कुठं कुठं आहेत ते लिहा: कोणत्या बँका, डीमॅट कुठं, म्युच्युअल फंडाचे फोलिओ, विमा पॉलिसीचा क्रमांक, कोणता हप्ता कुठल्या खात्यातून कापला जातो. एक पान पुरतं. ते आजीच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवायचं, कारण घरात काहीही झालं तरी तो डबा सगळ्यात आधी उघडला जातो. आणि आजोबांच्या फोनवर यूपीआय चालू करून देणार असाल, तर त्याच बसल्या बैठकीत हेही दाखवून द्या, की पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी "पैसे पाठवलेत, पिन टाका" म्हणाला तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर पहिल्या तासातच १९३० वर फोन करायचा, बँकेची शाखा उघडायची वाट बघायची नाही.